टाळ्या वाजवा, तुम्ही प्रौढ आहात

पडद्यावर पहिलंच वाक्य झळकलं : 'प्रौढ माणसं व्याख्यानातून शिकत नाहीत.' तेव्हा सकाळचे दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. हे वाक्य समजावून सांगणारं व्याख्यान संध्याकाळी पाच वाजता संपलं.

मी तिथे काय करत होतो? तर नोकरीसाठीच्या कौशल्य-प्रशिक्षणाचे अभ्यासक्रम जे बनवतात त्यांना 'प्रौढ अध्ययनार्थी' समजावा म्हणून एका संस्थेने कार्यशाळा भरवली होती. (नाव सांगत नाही. नावं बदलतात, पडदा तोच असतो.) अशा अभ्यासक्रमांच्या मराठी पुस्तिका तपासून द्यायचं काम मी अधूनमधून करतो, म्हणून मलाही बोलावणं. सभागृहात साठ-सत्तर माणसं. त्यात एक गवंडी नाही, एक वायरमन नाही, ब्लाउज शिवून घर चालवणारी एक बाई नाही. माशांवरच्या परिसंवादाला मासे बोलावत नाहीत हे मला मान्य आहे. पण निदान एखादा कोळी?

सुरुवात 'आइसब्रेकर'ने झाली. मे महिन्यातल्या पुण्यात बर्फ फोडायचा होता. प्रत्येकाने उभं राहायचं, आपलं नाव सांगायचं आणि नावाच्या पहिल्या अक्षरावरून एक प्राणी. माझ्या शेजारी आयटीआयचे एक निवृत्त निदेशक बसले होते. तीस वर्षं लेथवर पोरं घडवलेला माणूस. त्यांचं नाव 'श'ने सुरू होतं. ते उठले, चष्मा सारखा केला आणि खोल आवाजात म्हणाले, "शेळी." टाळ्या! प्रौढाचा स्वाभिमान जपावा, त्याच्या अनुभवाचा आदर करावा, हा मुद्दा पुढे अकराव्या स्लाइडवर होता. शेळीने तो वहीत उतरवून घेतला.

मग पिरॅमिड आला. तुम्ही कोणत्याही प्रशिक्षणाला गेला असाल तर तो तुम्हाला भेटलाच असणार. माणूस वाचलेलं 10 टक्के लक्षात ठेवतो, ऐकलेलं 20, पाहिलेलं 30, पाहून-ऐकून 50, स्वतः बोलून 70 आणि करून 90. काय शिस्तीची स्मरणशक्ती आहे! दहाच्या पाढ्यात चालते, कुठे साडेतेवीस होत नाही. या आकड्यांना बाप नाही. एडगर डेल नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने 1946 साली एका पुस्तकात अनुभवाचा शंकू काढला, त्यात टक्के नव्हतेच. हे फार शब्दशः घेऊ नका असंही तो बिचारा सांगून गेला. टक्के नंतर कुणीतरी चिकटवले आणि ते इतके घट्ट बसले की आता शंकू गळून पडेल, टक्के पडणार नाहीत. त्यापाठोपाठ 'कुणी बघून शिकतो, कुणी ऐकून, कुणी हाताने' हा वर्णाश्रमही आला. प्रत्येकाला त्याच्या शैलीप्रमाणे शिकवलं की तो जास्त शिकतो, याला पुरेसा पुरावा नाही, असं 2008 साली चार मानसशास्त्रज्ञांनी सगळं संशोधन चाळून सांगितलं. आमच्या पडद्यापर्यंत ती बातमी यायची आहे.

आणि नोल्स. माल्कम नोल्सचं नाव घेतल्याशिवाय या सत्यनारायणाची सांगता होत नाही. प्रौढांचं शिक्षण म्हणजे 'अँड्रॅगॉजी', मुलांच्या 'पेडॅगॉजी'हून वेगळं, असं त्याने मांडलं. शब्द त्याचा नाही. तो 1833 साली एका जर्मन मास्तराने घडवला होता. त्यातल्या 'अँड्र'चा ग्रीक अर्थ पुरुष. म्हणजे महिला बचत गटाच्या प्रशिक्षणात आपण ज्या शास्त्राची आरती करतो, त्याचा शब्दार्थ 'बाप्यांना शिकवणं' असा निघतो. असो. नोल्सच्या 1970 च्या पुस्तकाच्या उपशीर्षकात अँड्रॅगॉजी 'विरुद्ध' पेडॅगॉजी असा सामना होता. 1980 च्या आवृत्तीत त्याने तो 'विरुद्ध' काढून टाकला. का? तर शिक्षक येऊन सांगू लागले की, तुमच्या युक्त्या पोरांवरही चालतात, आणि कधीकधी मोठ्यांनाही आधी नीट सांगावंच लागतं. त्याने ऐकलं आणि बदल केला. प्रौढ माणूस शिकू शकतो याचा हा उत्तम दाखला आहे. आमचे तज्ज्ञ मात्र अजून 1970 मध्येच नांदतात.

नोल्सने सांगितलं ते तसं साधं आहे. मोठ्या माणसाला आधी हवं असतं 'हे मी का शिकू?' याचं उत्तर. तो रिकाम्या हाताने येत नाही, अनुभव घेऊन येतो. आणि उद्या उपयोगी पडेल ते तो आज शिकतो. यासाठी अमेरिकेला जायची गरज नव्हती, कुणाही बिगाऱ्याच्या बायकोने हे फुकट सांगितलं असतं. पण तिला स्लाइड करता येत नाही.

आता मिस्त्रीची गोष्ट. 2018 च्या आसपासची आहे.

प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत 'पूर्वज्ञानाला मान्यता' असा एक भाग होता. कल्पना खरोखर चांगली. ज्याला काम येतं पण कागद नाही, त्याला फार न शिकवता त्याचं काम तपासून कागद द्यायचा. एका केंद्रावर पुस्तिकेची भाषा लोकांना कळते का ते पाहायला मला पाठवलं होतं. वर्गात वीसेक गवंडी. वयं तीस ते साठ. शिकवणारा चोवीस वर्षांचा, गळ्यात ओळखपत्र, मनाने चांगला. त्याने फळ्यावर लिहिलं : 'ओळंबा म्हणजे काय?'

वर्गात शांतता. प्रश्न अवघड होता म्हणून नाही. यात काहीतरी मेख असणार असं सगळ्यांना वाटलं म्हणून. पन्नाशीत तुम्हाला कुणी विचारू लागलं की 'चमचा म्हणजे काय', तर तुम्हीही आधी दाराकडे बघाल.

शेवटी मागून एक मिस्त्री म्हणाले, "सर, तुमच्या त्या संडासाच्या दाराची चौकट ओळंब्यात नाही. त्याला ओळंबा म्हणत्यात." हशा पिकला. सरही हसले, हे त्यांचं मोठेपण. मिस्त्री पुढे म्हणाले, "दार लागतच नाही. दुपारच्या सुट्टीत काढून बसवतो की. थापी आहे पिशवीत." मला वाटलं, आता खरं प्रशिक्षण सुरू होणार! वीस गवंडी, एक वाकडी चौकट, तपासायला मान्यताप्राप्त परीक्षक. याहून चांगली परीक्षा कुठे मिळणार? सर केंद्रचालकांना विचारायला गेले आणि परत येऊन म्हणाले, "काका, ते आपल्या मॉड्यूलमध्ये नाही."

तीन दिवस तो वर्ग चालला. बिगारीपासून मिस्त्री होईपर्यंत ज्यांनी हजारो फूट भिंत उचलली, त्यांनी वहीत सिमेंट-वाळूचं प्रमाण लिहून घेतलं. 'गुड मॉर्निंग' म्हणायचा सराव केला. मुलाखतीत हात कसा मिळवावा ते शिकले. (मुकादम कधी हात मिळवतो? तो हात बघतो.) मग टॅबलेटवर परीक्षा, चार पर्याय, योग्य त्यावर बोट ठेवा. ओळंबा हातात न घेता ओळंब्याची परीक्षा! आखाती देशांत माणसं पाठवणारा मुंबईतला एजंटसुद्धा असला बावळटपणा करत नाही. तो 'ट्रेड टेस्ट' घेतो, विटा देतो, माल देतो आणि म्हणतो, बांध. त्याने नोल्स वाचलेला नसतो. माणूस तिकडून परत पाठवला तर पैसे कुणाचे बुडतात, एवढंच त्याला पाठ असतं.

सगळ्यात बहारदार प्रकार हजेरीचा. हजेरी बोटाच्या ठशावर. आता सिमेंट कातडी खातं, हे सिमेंटला हात लावलेल्या कुणालाही ठाऊक आहे. तीस वर्षं माल कालवलेल्या हाताची रेघ त्या यंत्राला सापडेना. मिस्त्रींनी एकेक बोट ठेवून पाहिलं, लुंगीला पुसून पाहिलं, शेवटी पाणी लावून पाहिलं. यंत्र म्हणे, पुन्हा प्रयत्न करा. ज्या पूर्वज्ञानाला मान्यता द्यायची होती त्याचा पुरावा बोटांवर लख्ख दिसत होता, आणि नेमक्या त्याच पुराव्यामुळे माणूस गैरहजर पडत होता! असला विनोद मला लिहून जमला नसता.

आणि मिळणार किती? उत्तीर्ण झाल्यावर खात्यात 500 रुपये. मिस्त्रीचा रोज तेव्हा हजाराच्या घरात. तीन दिवसांचा खाडा तीन हजारांचा. म्हणजे आपल्याला जे येतंच, ते आपल्याला येतं, असं लिहून घेण्यासाठी त्या माणसाने अडीच हजार मोजले.

तुम्ही म्हणाल, अहो, अंमलबजावणीत उन्नीस-बीस व्हायचंच. गैरसमज आहे. अंमलबजावणी अगदी आखल्याबरहुकूम झाली. 15 जुलै 2015 रोजी 'स्किल इंडिया'चा नारळ फुटला तेव्हा लक्ष्य जाहीर झालं होतं : 2022 पर्यंत 40 कोटी लोकांना कौशल्य. चाळीस कोटी! इतक्या लोकांना नुसता चहा पाजायचा म्हटलं तरी माणूस आधी दुधाचा हिशेब करील. कौशल्य विकास योजनेच्या दुसऱ्या फेरीत, 2016 ते 2020 साठी, एक कोटी लोक आणि 12,000 कोटी रुपये. अल्पकालीन प्रशिक्षणात केंद्रचालकाला पैसे मिळायचे ते असे : तुकडी सुरू झाली की 30 टक्के, प्रमाणपत्रं वाटली की 50 टक्के, आणि नोकरी लागली तर उरलेले 20. म्हणजे नोकरीसाठीच्या प्रशिक्षणात नोकरीची किंमत चार आणेसुद्धा नाही. केंद्रचालक काय वेडा आहे? तो नेमकं तेच करतो ज्याचे पैसे मिळतात. मोठी माणसं उपयोग दिसला की झटकन शिकतात, हा सिद्धांत या साखळीत फक्त त्याच्याच बाबतीत खरा ठरला. सरकारनेच नेमलेल्या शारदा प्रसाद समितीने पहिल्या दोन वर्षांतच सांगून टाकलं की, सगळे आकड्यांच्या मागे धावताहेत. अहवाल आला. धावणंही चालू राहिलं.

आपल्या महाराष्ट्राचा प्रौढ-शिक्षणातला स्वतंत्र सिद्धांत तर जगाने अभ्यासावा असा आहे. एमएस-सीआयटी आठवतं? सरकारी कर्मचाऱ्यांना संगणक यायला हवा, रास्त अपेक्षा. मग फर्मान निघालं : परीक्षा पास व्हा, नाहीतर वेतनवाढ बंद. आणि वयाची पन्नास वर्षं पूर्ण झाली असतील तर सूट! म्हणजे एकोणपन्नासाव्या वर्षी माणूस दंडुक्याने शिकतो आणि पन्नासाव्या वाढदिवसाला मेंदू सेवानिवृत्त होतो. मधल्या रात्री काय घडतं ते शासन निर्णयात दिलेलं नाही. आमच्या आळीतले एक हेडक्लार्क तेव्हा सत्तेचाळीसचे. रोज संध्याकाळी भाच्याच्या वयाच्या पोरीसमोर बसून माउस धरायला शिकायचे. पास झाले, वेतनवाढ वाचली, आणि त्यानंतर निवृत्तीपर्यंत त्यांनी संगणकाला हात लावला नाही. टेबलावरच्या मॉनिटरवर गणपतीचा फोटो चिकटवला होता. पुढे मुलगी ऑस्ट्रेलियाला गेली, नात झाली. तर या गृहस्थांनी दोन दिवसांत व्हिडिओ कॉल शिकून घेतला. कोणतं मॉड्यूल? कोणता पिरॅमिड? नातीचे दात बघायचे होते!

नोटबंदीनंतरच्या वर्षांत मंडईतल्या भाजीवाल्यांनी क्यूआर कोड शिकून घेतला. कुणी कार्यशाळा घेतली होती? आमची कोथिंबीरवाली मावशी सही करताना आजही थबकते. पण पैसे आले की नाही हे ती डब्यातून आवाज येण्याआधी गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरून ओळखते. खोटा स्क्रीनशॉट दाखवणाऱ्याला एकदा तिने मंडईच्या दारापर्यंत पोचवला. याला सायबर सुरक्षेचं प्रगत प्रशिक्षण म्हणतात आणि त्यासाठी माणशी किती दर लावायचा यावर आता कुठेतरी बैठक चालू असेल.

खरा कळस 'सॉफ्ट स्किल्स'चा. वीस वर्षं खानावळ चालवणाऱ्या बाईंना 'वेळेचं व्यवस्थापन' शिकवणारा तास मी पाहिला आहे. पहाटे साडेचारला कणीक मळणारी, चाळीस डबे अकराच्या आत बाहेर काढणारी, त्यातच सासूची गोळी आणि पोराचा क्लास सांभाळणारी बाई वहीत लिहून घेत होती : 'महत्त्वाची कामे आधी करावीत.' शिकवणारे साहेब स्वतः चाळीस मिनिटं उशिरा आले होते. कारण? ट्रॅफिक. बाईंना मी नंतर विचारलं, तुम्हाला खरं काय शिकायचं होतं? त्या म्हणाल्या, "कंपनीच्या कँटीनचं टेंडर भरायचं कसं, ते. आणि बिल चार-चार महिने थकवतात, तेव्हा काय करायचं ते." दोन वाक्यांत सबंध अभ्यासक्रम! हा प्रश्न तिला आधी कुणीच विचारला नव्हता. विचारला असता तर पंचाई­त अशी की उत्तरही यायला हवं होतं.

आणि वर्गाची वेळ? अकरा ते पाच. यांचे प्रौढ अकरा ते पाच रिकामे असतात! जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1855 साली पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी शाळा काढली ती रात्रीची. दिवसा माणूस कामावर असतो, हे शोधून काढायला त्यांना सल्लागार नेमावा लागला नाही. पावणेदोनशे वर्षांपूर्वी जे या शहरात कळलं होतं, ते याच शहरातल्या वातानुकूलित सभागृहात चौतिसाव्या स्लाइडवर 'अध्ययनार्थ्याची उपलब्धता : एक आव्हान' म्हणून अवतरलं.

श्रेय द्यायचं तिथे देतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा जन्मजात खवट आहे. (आहेच. पण न्यायी आहे.) सप्टेंबर 2023 मध्ये विश्वकर्मा योजना आली. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, शिंपी, गवंडी असे 18 व्यवसाय. त्यात प्रशिक्षणाच्या दिवसाला 500 रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी 15,000 रुपये धरले आहेत. पाचशेत मिस्त्रीचा खाडा भरून निघत नाही, पण दिल्लीत कुणाच्या तरी डोक्यात शिरलं की शिकायला बसलेल्या माणसाच्या घरी त्या दिवशीही चूल पेटते. यासाठी स्वातंत्र्याची शहात्तर वर्षं लागली, तरी शिरलं. आता दोन पिढ्या न्हावीकाम केलेल्या माणसाला पाच-सात दिवसांत 'मूलभूत' काय शिकवणार, हे तेवढं कुणी मला समजावून सांगा. वस्तरा म्हणजे काय?

'टीका सोपी आहे, पर्याय द्या' असं या सभागृहांत फार ऐकू येतं. पर्याय पडद्यामागे आहेत, पडदा बाजूला करा. डॉ. कलबागांनी 1983 साली पाबळला विज्ञान आश्रम काढला. शाळेतून गळलेली पोरं तिथे गावाला लागणाऱ्या वस्तू बनवता बनवता शिकतात. म्हसवडला चेतना गाला सिन्हांनी बायकांची बँक काढायला घेतली, तर सभासद निरक्षर म्हणून रिझर्व्ह बँकेने आधी परवाना नाकारला. बायका परत गेल्या आणि म्हणाल्या, व्याजाचा हिशेब सांगा, आम्ही तोंडी करतो, तुमच्या साहेबांनाही करायला सांगा. 1997 साली माणदेशी बँक उभी राहिली. पुढे त्यांनी बायकांसाठी धंद्याची शाळा काढली आणि तिची एक शाखा चक्क बसमध्ये भरवली. बाई शाळेला येऊ शकत नाही म्हटल्यावर शाळेला चाकं लावली, बाईला प्रेरणेवरचं भाषण दिलं नाही. राजस्थानात तिलोनियाला निरक्षर आज्यांना रंगांच्या खुणांवरून सौर दिव्यांची जोडणी शिकवतात. एकमेकींची भाषा न कळणाऱ्या देशोदेशीच्या आज्या शेजारी बसून सहा महिन्यांत तयार होतात. तिथे प्रमाणपत्र देत नाहीत. त्यांच्या गावात दिवा लागतो, त्यावर शिक्का कुठे मारणार?

या सगळ्यांनी केलं काय? समोरच्याला आधी विचारलं : तुम्हाला काय येतं, आणि अडतं कुठे? हा प्रश्न आमच्या कार्यशाळेच्या अठ्ठावन्न स्लाइडमध्ये नव्हता. तो विचारला की अभ्यासक्रम दर तुकडीला बदलतो, पुस्तिका आधी छापता येत नाही, चाळीस कोटींचा तक्ता भरत नाही. शिवाय शिकवणाऱ्याला कधीकधी म्हणावं लागतं की, हे मला येत नाही, तुम्हीच दाखवा. निवृत्त निदेशकांनी जेवताना मला सांगितलं, "लेथवर मी पोरांना पहिल्या दिवशी एवढंच म्हणायचो, तुझ्या घरी काय मोडलंय ते घेऊन ये." सभागृहातलं त्या दिवसाचं हे एकमेव कामाचं वाक्य, आणि ते पनीरच्या भाजीवर बोललं गेलं. माइक त्या वेळी बंद होता.

पाच वाजता अभिप्रायाचे कागद वाटले. त्यावर पाच चेहरे, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत, आवडेल त्याला गोल करा. पोलिओच्या डोसानंतर लॉलीपॉप देतात, ते तेवढं राहिलं. निदेशकांनी कोणत्या चेहऱ्याला गोल केला ते मी पाहिलं नाही. मी कागदाच्या मागे लिहिलं की पुढची कार्यशाळा कामगार नाक्यावर घ्यावी, सकाळी साडेसातला, साडेआठपर्यंत माणसं उचलली जातात म्हणून आधीच यावं, चहाचे पैसे मी देईन. अजून उत्तर नाही.

मिस्त्री पास झाले, हे सांगायचं राहिलं. हजेरीचं शेवटी तिसऱ्या दिवशी डाव्या करंगळीवर निभावलं. परवा त्याच केंद्रावर दुसऱ्या एका पुस्तिकेच्या कामाला गेलो होतो. भिंतीवर त्या तुकडीचा फोटो लावलाय, वीसही जणांच्या हातात प्रमाणपत्रं. संडासाचं दार अजून लागत नाही. आतून दोरी बांधली आहे, ती एका हाताने धरून बसावं लागतं.